प्रश्न तिचा असतो तेव्हा मेंदूत काय घडतं?

मुलगी शाळेत न जाता घरीच शिकते आणि एके दिवशी आईबाबा तिला सांगतात, "आज काय शिकायचं ते तूच ठरव." घरातल्या मोठ्यांना लगेच धास्ती वाटते की दिवस वाया जाणार, पोरगी नुसती मुंग्या बघत बसणार. बसू द्या. नऊ वर्षांची मुलगी "मुंग्या रांगेतच का चालतात?" असं आपणहून विचारते, तेव्हा तिच्या डोक्यात जे सुरू होतं ते मला मेंदूविज्ञानातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

२०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत मथियास ग्रुबर, चरण रंगनाथ आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवून, कोणत्या उत्तराबद्दल किती उत्सुकता वाटते हे आधी नोंदवून घेतलं. मग मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना तेच प्रश्न पुन्हा दाखवले. उत्तर यायचं १४ सेकंदांनी आणि मधल्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा दिसायचा. नंतर अचानक परीक्षा घेतली. उत्सुकता जास्त होती त्या प्रश्नांची सुमारे ७१ टक्के उत्तरं आठवली, बाकीच्यांची ५४ टक्के. हे अपेक्षितच होतं. पण उत्सुकतेच्या काळात दिसलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेसुद्धा अधिक लक्षात राहिले! फरक लहान होता, ३८ टक्क्यांच्या जागी ४२, पण तो होता.

याचं कारण मध्यमेंदूत आहे. तिथल्या काही चेतापेशी डोपामिन नावाचं रसायन स्रवतात आणि त्यांचे तंतू स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंत जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढची साखळी उलगडली आहे. डोपामिन तिथल्या पेशींवरच्या डी-१ आणि डी-५ ग्राहींना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज-ए हे विकर जागं होतं, त्यातून क्रेब नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो, काही जनुकं चालू होतात आणि नवी प्रथिनं बनतात. शिकताना दोन पेशींमधला जोड बळकट होतो; ही प्रथिनं मिळाली तर ते बळ टिकतं, नाहीतर काही तासांत ओसरतं.

ग्रुबर यांच्या प्रयोगात मध्यमेंदूतली ही हालचाल उत्तर येण्याच्या आधीच सुरू झालेली दिसली. म्हणजे वाट पाहण्याचा काळ फार मोलाचा. मुलगी भिंग शोधते, रांगेवरून बोट फिरवते, वास पुसला गेल्यामुळे मुंग्या गोंधळतात, ती पुन्हा बघते. इतक्यात आपण "अगं, त्या वासाच्या रेषेवरून चालतात" असं सांगून टाकलं, तर तो काळच संपतो.

इथे एक सांगायलाच हवं. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुलांना डोळे बांधून वाचायला लावणारे वर्ग आपल्याकडे भरपूर पैसे उकळत आले आहेत. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, एवढंच त्यातलं रहस्य. मध्यमेंदू जागा करायला मनापासून पडलेला प्रश्न लागतो आणि त्याची फी नसते.

मात्र प्रश्न पोकळीतून येत नाहीत. कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठात झालेल्या २००९ च्या एका अभ्यासात, उत्तराची थोडी कल्पना असते पण खात्री नसते, तेव्हा उत्सुकता सर्वाधिक आढळली. अजिबात काही माहीत नसेल किंवा पक्कं माहीत असेल तर ती कमी. म्हणून मोकळा दिवस इतर दिवसांच्या शिकवण्यावर उभा असतो. वाचन आणि पाढे नीट शिकवावेच लागतात. शिवाय हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत, त्यातले आकडे नऊ वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

उत्सुकतेचा फायदा ग्रुबर यांना एका दिवसानंतरच्या परीक्षेतही दिसला होता. तेव्हा संध्याकाळी "मग काय शिकलीस?" असं विचारण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी विचारावं, आणि मुंग्यांखेरीज काल अंगणात आणखी काय काय दिसलं तेही विचारावं.