आसरा घेणं आणि परीक्षा पाहणं

आमच्या घरात बायबलमधलं ९१ वं स्तोत्र पहाटे साडेचारला म्हटलं जायचं. पप्पा बार्जवर खलाशी होते. डिचोली-साखळीकडचं लोहखनिज मांडवीतून मुरगाव बंदरात पोचवायचं, हे त्यांचं काम. मूळचे आम्ही वेंगुर्ल्याचे, मराठी बायबल वाचणारे. वास्कोत आजूबाजूला बहुतेक कोकणी बोलणारे कॅथलिक शेजारी, त्यांचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संध्याकाळी, आमची प्रार्थना पहाटे. पप्पा उभं राहूनच स्तोत्र म्हणत. रात्रीचं भय, दिवसा सुटणारा बाण, काळोखात फिरणारी मरी. तुझ्या बाजूला हजार पडतील, उजव्या हाताला दहा हजार पडतील, तरी ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही. मग डबा उचलून निघत.

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या बांधावर (खलाशी त्याला 'बार' म्हणतात) समुद्र असा फुटतो की तो मार्ग बंद करावा लागतो. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात आणि आतून मुरगावला येतात. वळसा मोठा, पाणी अरुंद, भरतीची वेळ सांभाळावी लागते. एकदा बार्जवरच्या एका तरुण पोराने पप्पांना विचारलं, "काका, तुम्ही रोज एवढं स्तोत्र म्हणता, मग आग्वादच्या बारची भीती कसली?" पप्पांनी आपल्या मालवणीत उत्तर दिलं, "अरे, हो रस्तो पण देवानच दिल्यान मां!"

त्या पोराने ज्या दोन गोष्टी एक समजल्या, त्या आजही भली भली माणसं एक समजतात. एक म्हणजे देवाचा आसरा घेणं. दुसरी म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. दोन्हींत माणूस धोक्यासमोर उभा असतो, दोन्हींत तोंडी तेच वचन असतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोघेही सारखेच निर्भय वाटतात.

या गोंधळाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातच आहे, आणि तिथेही स्तोत्र तेच आहे, ९१ वं. सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलं आहे. लिहिलेलं आहेच. ११ वी आणि १२ वी ओवी. पण मत्तयाचा चौथा अध्याय आणि ९१ वं स्तोत्र शेजारी ठेवून वाचा. मूळ स्तोत्रात देवदूत 'तुझ्या सर्व मार्गांत' तुझं रक्षण करतील असं आहे, आणि सैतान नेमके तेवढे शब्द गाळतो. मार्ग म्हणजे माणूस जिथून चालत असतो, कामाला जातो, परत येतो ती वाट. मंदिराच्या टोकावरून खाली कोणाचाच मार्ग जात नव्हता. खाली कोणी बुडत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. त्या उडीतून एकच गोष्ट होणार होती: देव झेलतो की नाही, ते कळणार होतं.

येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. ते वाक्य तिथेच संपत नाही. पुढे आहे, 'मस्सा इथे पाहिली तशी'. मस्सा या नावाचा अर्थच परीक्षा. निर्गमच्या १७ व्या अध्यायात इस्राएल लोक रानात तहानलेले आहेत, मोशेशी भांडताहेत, आणि त्यांचा प्रश्न असा आहे की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. लाल समुद्र दुभंगलेला त्यांनी पाहिला होता, आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडलेला पाहिला होता, तरी पुरावा पुरला नव्हता. परीक्षा घेतो तो माणूस वरून धीट दिसतो, पण आतून त्याची खात्री पटलेली नसते. खात्री असलेला मुलगा बापाच्या खांद्यावर डोकं टेकतो. बाप खरंच धरतो का हे बघायला मुद्दाम हात सोडत नाही.

आपल्या बोलीत 'अंत पाहणे' म्हणतात. संकट लांबलं की आजी म्हणायची, "देवा, किती अंत पाहशील?" सहनशक्तीच्या टोकापर्यंत नेणं, हा त्याचा अर्थ. मंदिराच्या टोकावरची उडी म्हणजे आपण देवाचा अंत पाहणं. त्या मानाने आजीचं गाऱ्हाणं कितीतरी सरळ. तिला भीती वाटत होती आणि ती त्याला ते तोंडावर सांगत होती.

कोणी गिदोनाचं नाव काढेल, इस्राएलला शत्रूंपासून सोडवायला देवाने नेमलेल्या माणसाचं. त्याने लोकरीचा कातडा खळ्यात ठेवून दवाची खूण मागितली, तीही दोनदा, आणि देवाने दिली. खरं आहे. पण शास्ते सहावा अध्याय वाचताना दिसतं की गिदोन भ्यालेला आहे, 'तुझा राग माझ्यावर भडकू देऊ नकोस' असं घाबरत म्हणतो आहे, आणि देवाने आधीच दिलेल्या कामावर निघण्यापूर्वी थबकला आहे. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. त्यावरून रीत पाडायची नसते.

मंदिराच्या टोकाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातही चौथ्याच अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात येशू दुसऱ्या एका उंच कड्यावर उभा आहे. नासरेथचे गावकरी चिडून त्याला टेकडीच्या कडेला नेतात, खाली लोटायला. या वेळी उडी त्याने टाकायची नाही, लोक ढकलणार आहेत. आणि तो त्यांच्यामधून निघून जातो. देवदूतांचा उल्लेख नाही, कोणी झेलत नाही. तो फक्त चालत निघतो. धोक्यातून बाजूला होणं हा अविश्वास असता, तर तो तिथेच थांबला असता.

हे दोन कडे मला नीट समजले ते गोव्याच्याच एका माणसामुळे. संत जुझे वाझ, १६५१ साली बाणावलीत जन्मलेले. श्रीलंकेत तेव्हा किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६८७ साली फादर वाझ तिथे गेले ते गरीब मजुराच्या वेशात. झगा घालून, क्रूस उंच धरून, 'देव राखील' म्हणत ते बंदरावर उतरले नाहीत. लपून राहिले, रात्री घरोघर जाऊन प्रार्थना घेतल्या, जागा बदलत राहिले. पुढे कँडीच्या राज्यात पोचले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. आणि मग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. ज्यांना पळता आलं ते शहर सोडून गेले, आजारी माणसं आपल्याच घरच्यांनी टाकलेली. फादर वाझ आपल्या भाच्याबरोबर, तेही धर्मगुरूच होते, शहरात राहिले. रोग्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं.

एकच माणूस, दहा वर्षांच्या अंतराने. आधी वेश पालटून लपतो, नंतर साथीत थांबतो. वरवर पाहणारा म्हणेल की आधी विश्वास कमी होता आणि नंतर वाढला. मला तसं अजिबात वाटत नाही. डचांच्या हातात सापडून कोणाचंच भलं होणार नव्हतं, म्हणून लपणं हीच सेवा होती. साथीत पळून गेले असते तर पाण्याचा घोट द्यायला कोणी उरलं नसतं, म्हणून थांबणं ही सेवा होती. दोन्ही वेळा समोर माणूस होता. मंदिराच्या टोकाखाली तो नव्हता. १७११ साली कँडीतच त्यांचा मृत्यू झाला, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं. सांकवाळला त्यांचं स्मारक आहे, तिथे मी जाते तेव्हा मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा तो मजुराचा वेश जास्त आठवतो.

जुन्या गोव्याचंही तेच. एवढी चर्चं, एवढे मठ, रोजच्या मिस्सा, पण पाणी बिघडलं, ताप आणि पटकी घर करून बसली, तेव्हा लोक उठले, आणि १८४३ साली राजधानीचा मान रीतसर पणजीला गेला. त्या निघणाऱ्यांना कोणी अविश्वासू म्हणू नये.

आता घरातली गोष्ट. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं गेलं की खरा विश्वास असेल तर गोळ्या सोड, देवाला हात मोकळा दे. तिने आठ दिवस सोडल्या. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, कपाळाला चार टाके पडले. टाक्यांपेक्षा नंतरचं जास्त लागलं. सभेतली एक बाई भेटायला येऊन म्हणाली, "विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल, ताई." आई महिनाभर त्याच वाक्याशी झगडत होती. परीक्षा पाहण्याचा हा सगळ्यात वाईट भाग आहे. देव 'नापास' झाला असं कोणी म्हणत नाही. मग नापास होतो तो भोळा माणूस. आसरा घेणाऱ्याची अशी फसगत होत नाही, कारण त्याने देवाला अट घातलेलीच नसते. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो धगधगत्या भट्टीसमोर राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवलं, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते 'नाही सोडवलं तरीही' ज्याला म्हणता येतं, तो आसऱ्यात आहे.

आणि हे म्हणताना त्याचे पाय थरथरत असतील, तर थरथरू देत. भीती वाटली म्हणजे विश्वास गेला, ही आणखी एक चुकीची समजूत. ५६ वं स्तोत्र म्हणतं, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. भीती वाटेल 'तेव्हा', भीती गेल्यावर नाही. गेथशेमाने बागेत येशू स्वतः घाबरा झाला, जीव कासावीस झाला, प्याला टळू दे म्हणाला. दुसऱ्या दिवशी क्रूसाखालून लोक ओरडले, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. शब्द मंदिराच्या टोकावरचेच होते. तो उतरला नाही.

पप्पांचा अपघात झाला त्या सकाळीही स्तोत्र म्हणून झालं होतं. बार्ज धक्क्याला बांधताना दोरखंड अचानक ताणला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलातून घरी आले त्या रात्री मी जागीच होते. वाटत होतं, उद्या पहाटे काय म्हणतील? 'तुझ्यापर्यंत पोचणार नाही' ही ओळ कशी म्हणतील?

साडेचारला उठले. बँडेजचा हात छातीशी धरून उभे राहिले. सगळं म्हटलं, ती ओळसुद्धा, आवाज जरा जड झाला. मग १५ व्या ओवीपाशी आले, जिथे देव स्वतः बोलतो: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. तिथे थांबले. आईकडे बघून म्हणाले, "संकट येताला, ह्या ह्येच्यातच लिवलला हा." आणि उरलेलं स्तोत्र पुरं केलं.