बेळगाव सीमाभागातील नाताळ : बर्फ आणि कॅरल

बेळगाव शहर, खानापूर तालुका व आसपासच्या मराठी-कोकणी ख्रिस्ती वस्तीत २५ डिसेंबरच्या सणानिमित्त चालणारी गाणी आणि सजावट. सणाची बरीच लोकप्रिय गाणी बर्फाची आहेत आणि इथे बर्फ पडत नाही. त्यावाचून कुणाचे अडतही नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येशूचे जन्मगाव बेथलेहेम साधारण तेवढ्याच उंचीवर वसले आहे. पण ते ३१ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे असल्याने तिथे एखाद्या हिवाळ्यात बर्फ दिसतो. बेळगाव १६ अंशांच्या अलीकडे. शिवाय इथली डिसेंबरातली थंडी निरभ्र आभाळाची असते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता सोडून देते आणि पहाटे धुके, दव, शेकोट्या. आभाळ भरून आले की गारवा उलट कमी होतो. बर्फाला मात्र ढगच लागतात.

खरा बर्फ इथल्या घरांत पोचतो तो फौजेतल्या माणसांच्या बोलण्यातून. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. काश्मीर-लडाखहून सुट्टीवर आलेल्या जवानाच्या बर्फात मौजेपेक्षा हाल जास्त असतात. नाताळातला बर्फ त्यामानाने सोपा : येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या छपरावर पिंजलेला कापूस, झाडावर थर्माकोलचा चुरा. काही घरांत गोठ्यापुढे आधीच धान्य पेरून रोपे उगवतात, त्यामुळे हिरवे शेत आणि हिमवर्षाव एकाच टेबलावर नांदतात. हवामान खाते काही म्हणो, देखावा छान दिसतो.

नाताळचा खरा जीव गाण्यांत आहे. डिसेंबरच्या मध्यापासून कॅरल गाणारी तरुण मंडळी गिटार घेऊन घरोघर फिरतात, सोबत कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज. एकाच फेरीत इंग्रजी, कोकणी, मराठी आणि कन्नड गाणी होऊ शकतात. यजमानाची भाषा पाहून क्रम बदलतो. हमखास गायले जाणारे ‘जिंगल बेल्स’ १८५७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात घसरगाडी आहे, घोडा आहे, नाताळचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

कॅथलिकांत गोव्याशी नाते असलेली घरे पुष्कळ, म्हणून कोकणी गाणी आणि फराळाला नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळ-गुळाची मिठाई). बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ सालचा. प्रोटेस्टंट परंपरा त्याहून जुनी : लंडन मिशनचे काम इथे १८२० मध्ये सुरू झाले, पुढे मेथडिस्ट आले. या मंडळींच्या मराठी उपासनेत पेटी-तबल्यावरची भजने चालतात. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती गीते लिहून हा मार्ग रुंद केला. त्याआधी कितीतरी वर्षे, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले होते आणि त्यात येशूजन्माची कथा मराठी ओव्यांत आली होती. या देशी धाटणीत बर्फाला फारशी जागा नाही. तिथे गोठा, तारा, मेंढपाळ आणि बाळ. चालीही अशा की शेजारच्या विठ्ठलमंदिरातल्या भजनकऱ्याला टाळ धरायला अडचण पडू नये.

चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फेऱ्या थांबतात. गोठा बहुधा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मांडलेला असतो. दरम्यान ३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्प भागात ‘ओल्ड मॅन’चे पुतळे जाळून सरत्या वर्षाला निरोप देतात. या प्रथेत आता सगळ्या धर्मांची मुले असतात, आणि तेव्हाचे संगीत बहुतेक डीजेचे.