पार्श्वभूमी : बर्फाच्या पिंजऱ्यातले वायू

कडक थंडीत क्लोरिनचे पिवळसर स्फटिक मिळत, त्यांना सगळे घनरूप क्लोरिन समजत. त्यांत पाणीही असतं आणि कोरडा क्लोरिन तेवढ्या थंडीत गोठतच नाही, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिलं. या स्फटिकांची रचना उलगडायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. क्ष-किरणांनी दाखवलं, की पाण्याचे २० किंवा २४ रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन पोकळ पिंजरा तयार होतो आणि वायूचा रेणू आत बसतो. त्याचा भिंतीशी रासायनिक बंध नसतो; तरी सगळे पिंजरे रिकामे झाले तर रचना सहसा ढासळते. हीच क्लॅथ्रेट हायड्रेट.

अवकाशाच्या अभ्यासात ती आली धूमकेतूंमुळे. धूमकेतूचं केंद्रक म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा, असं फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडलं. मग एक कोडं उभं राहिलं. मिथेन पाण्याच्या कितीतरी आधी उडून जायला हवा, पण धूमकेतू सूर्याजवळ येताना वेगवेगळ्या वायूंच्या खुणा जवळपास एकदमच दिसू लागतात. १९५२ मध्ये देल्सेम आणि स्विंग्स यांनी उत्तर सुचवलं : हे वायू पाण्याच्या पिंजऱ्यात अडकलेले असावेत, म्हणजे पाणी सुटेल तेव्हाच तेही सुटतील. इतकी साधी आणि इतक्या दूरवर पोहोचणारी कल्पना विरळाच.

अडचण होती दाबाची. शून्य अंश सेल्सिअसला मिथेनच्या पिंजऱ्यांना वातावरणाच्या पंचवीसेक पट दाब लागतो. थंडी वाढेल तसा लागणारा दाब झपाट्याने उतरतो, हे खरं. पण तेवढ्या थंडीत रेणू जागचे हलत नाहीत, मग पिंजरा बांधणार कोण? म्हणून १९८०च्या दशकात अकिवा बार-नून यांच्या प्रयोगांनी दुसरी वाट पुढे आणली : वाफ अतिथंड पृष्ठभागावर गोठली की स्फटिक न होता सच्छिद्र बर्फ बनतो आणि वायू त्याच्या छिद्रांतच कोंडले जातात. युरोपच्या रोझेटा यानाला ६७पी नावाच्या धूमकेतूवर नायट्रोजन, आर्गॉन आणि ऑक्सिजन सापडले, तेव्हा ते यांपैकी कोणत्या बर्फातून आले यावर पुन्हा वाद रंगला.

२०१९ मध्ये आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने जवळजवळ संपूर्ण निर्वातात, ३० केल्विनला (सुमारे उणे २४३ अंश सेल्सिअस) मिथेनचे आणि १० केल्विनला (सुमारे उणे २६३ अंश) कार्बन डायऑक्साइडचे पिंजरे तयार झाल्याचं जाहीर केलं. दाबाची उणीव वेळेने भरून काढली होती : नमुना तासन्‌तास तसाच ठेवल्यावर अवरक्त वर्णपटात, म्हणजे नमुना कोणता अवरक्त प्रकाश शोषतो याच्या नोंदीत, नवी खूण उमटली. तारकांमधल्या ढगांना तर लाखो वर्षं मिळतात. या निष्कर्षावर आक्षेपही आले. माझ्या मते नुसत्या अवरक्त खुणेवर हा वाद मिटणार नाही. पिंजऱ्याची भूमिती विवर्तनाने, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांच्या आकृतीतून, दिसायला हवी.