घरच्या घरी गाडीचं इंजिन उतरवणं आणि बदलणं

गाडी गॅरेजला न देता स्वतःच्या पार्किंगमध्ये किंवा शेडमध्ये जुनं इंजिन काढायचं आणि त्याजागी दुसरं बसवायचं, हौशी लोकांच्या भाषेत इंजिन स्वॅप. यात दोन अगदी वेगळी कामं एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे गेलेल्या इंजिनाच्या जागी तसंच दुसरं टाकणं, जे कष्टाचं आहे पण अवघड नाही, आणि दुसरं म्हणजे भलत्याच गाडीचं इंजिन आणून बसवणं, जिथे पान्यापेक्षा डोकं, वेल्डिंग आणि वायरिंग जास्त लागतं.

बघणाऱ्याला वाटतं की खरा पराक्रम इंजिन उचलण्यात आहे. उचलणं तासाभरात होतं हो, वेळ जातो तो त्याआधी सगळं सोडवण्यात आणि नंतर सगळं जागच्या जागी परत जोडण्यात.

सुरुवात बॅटरीपासून, आणि त्यातही आधी निगेटिव्ह काढायची, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पाइपात 3 ते 4 बार प्रेशर असू शकतं, म्हणून त्याही आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवून घेतात, नाहीतर पाइप सोडला की पेट्रोलची पिचकारी. मग इंजिन गार झाल्यावर कूलंट आणि ऑइल काढायचं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात, त्यामुळे ते उघड्या घमेल्यात ठेवून जेवायला जाऊ नये. एसीच्या पाइपला हात लावायचाच नाही. गॅस प्रेशरखाली असतो, तो मशीनने काढून घ्यावा लागतो आणि हवेत सोडणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. बहुतेक वेळा कॉम्प्रेसर पाइपसकट बाजूला बांधून ठेवता येतो, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचंही तेच.

बोनेट काढताना बिजागऱ्यांभोवती मार्करने खूण केली की नंतर फटी जुळवत बसावं लागत नाही. रेडिएटर, बेल्ट, होज, सायलेन्सरचा पाइप हे एकेक सुटत जातं, सायलेन्सरचे बोल्ट मात्र गंजून एकजीव झालेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवावं आणि तरीही एखादा तुटेल हे धरून चालावं. वायरींच्या प्रत्येक कपलरला (जोडणीच्या सॉकेटला) कागदी टेप लावून नाव लिहायचं, फोटो काढायचे, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे. कंटाळवाणं वाटतं, पण जोडताना महिना उलटलेला असतो आणि तेव्हा कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही.

गाडीच्या रचनेवरही बरंच ठरतं. मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन लांबीत बसतं, गिअरबॉक्स जागेवर ठेवून एकटं वर काढता येतं. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत ते आडवं असतं, गिअरबॉक्सशी जोडूनच बाहेर येतं, आणि कित्येक मॉडेलमध्ये वरून निघतच नाही, सबफ्रेमसकट (इंजिन ज्यावर बसतं त्या खालच्या सांगाड्यासकट) खाली सोडून वरची बॉडी उचलावी लागते, जे लिफ्टशिवाय करणं म्हणजे जिवावरचा खेळ. एक्सल ओढले की गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर येतं, खाली ट्रे हवाच.

उचलायला चाकांचा हायड्रॉलिक होइस्ट, म्हणजे छोटी क्रेन, वापरतात. छोटं ॲल्युमिनियमचं चार सिलिंडरचं इंजिन 100 किलोच्या आसपास, जुनं बिडाचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, 250 किलोच्याही वर. इथे लोक फसतात ते होइस्टवर लिहिलेल्या आकड्याने. 2 टन ही क्षमता दांडा आत असताना, पूर्ण बाहेर काढला की तीच साधारण अर्ध्या टनावर येते, आणि इंजिनापर्यंत पोचायला दांडा बाहेर काढावाच लागतो. सोबत लेव्हलर (इंजिनाचा कल बदलणारी पट्टी) असला की इंजिन तिरकं करत बाहेर काढता येतं. लटकत्या इंजिनाखाली हातसुद्धा घालायचा नाही. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. इंजिन बाहेर आलं की आधी खाली घेऊन मगच होइस्ट ढकलायचा, कारण फरशीच्या फटीत चाक अडकलं की उंच लटकलेलं वजन सगळंच उलटवतं.

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला ऑइलने चालणारा भाग) फ्लेक्सप्लेटपासून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या चकतीपासून, सोडवून गिअरबॉक्सकडेच ठेवतात. जोडताना तो आत पूर्ण बसला नसेल आणि बोल्टने इंजिन ओढून घेतलं, तर गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो. मॅन्युअलमध्येही तोच नियम, बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) हाताने टेकायला हवं, फट राहिली तर क्लच प्लेट सेंटरला नाही असं समजायचं, बोल्ट आवळून फट मिटवायला गेलं की हाउसिंगचा कान तुटतो. इंजिन बाहेर आहेच तर मागचं ऑइल सील, क्लच, रिलीज बेअरिंग आणि फाउंडेशन रबर (ज्यावर इंजिन टेकतं ते) बदलून घेतात, यांपैकी बऱ्याच गोष्टींसाठी नाहीतर गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

दुसऱ्या जातीचं इंजिन बसवायचं तर फाउंडेशनचे ब्रॅकेट नवे बनवावे लागतात, ऑइलचं चेंबर स्टिअरिंग रॅकला आपटतं, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, रेडिएटर अपुरा पडतो. वजन आणि ताकद वाढली की ब्रेक आणि सस्पेन्शनही बदलायला हवेत, हे शेवटी आठवतं. शेव्हरोलेचं एलएस हे व्ही-8 इंजिनांचं घराणं या कामात इतकं चालतं त्यामागे कारण आहे. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-1 चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये एकच, त्यामुळे व्ही-8 असूनही अरुंद, छोट्या गाड्यांतही मावतं.

अर्धवट सोडलेले बहुतेक स्वॅप मात्र वायरिंगवर अडतात असं माझं मत. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, किल्लीची ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही, आणि नव्या गाड्यांत मीटर, एबीएस, गिअरबॉक्स सगळे एकाच नेटवर्कवर बोलतात, त्यामुळे दाता गाडीचा, म्हणजे जिचं इंजिन घेतलं तिचा, ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि किल्ली सोबत घेतली तर निम्मी डोकेदुखी वाचते. इंजिन नंबर नोंदणीत असेल तिथे तो बदलून घ्यावा लागतो, प्रदूषणाचे नियम तर जागोजागी वेगळे, म्हणून कागदपत्रांची चौकशी इंजिन विकत घेण्याआधीच.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारतात, म्हणजे बेअरिंग कोरडी फिरत नाहीत. सेल्फ सुस्त फिरला आणि ॲक्सिलरेटरची केबल गरम झाली, तर इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी लावायची राहिली आहे, सेल्फचा करंट केबलमधून वाट काढतोय. मग कूलंटमधली हवा काढायची, गळती बघायची, आणि एकदा गरम होऊन गार झाल्यावर कूलंटची पातळी परत तपासायची, ती बहुधा उतरलेलीच असते.