ईएसआयसीचे आजारपणाचे पैसे: अर्ज नेमका कुठे अडतो

खासगी नोकरीत आजारपणाची वेगळी भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, हा समज आधी सोडा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. शिवाय तिथे आणि कारखान्यातही २० दिवसांच्या कामामागे १ दिवस अशी हक्काची रजा साठते. बाकी सगळं कंपनीच्या नियमांवर. रबाळे, महापे, तळोजा, वागळे इस्टेट अशा औद्योगिक वसाहतींत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्याला आजारपणात आधार असतो तो ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा): रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठीच तुमच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात. तरीही अर्ज परत येतात, तेही आजार अगदी खरा असताना.

पहिली अडचण सर्टिफिकेटची. ताप चढला की माणूस घराजवळच्या डॉक्टरकडे जातो आणि ‘आठ दिवस विश्रांती’ असं लिहून आणतो. कंपनीचा एचआर ते ठेवून घेतो, म्हणून वाटतं काम झालं. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात मात्र ते चालेलच असं नाही. तिथे ईएसआयसीच्या दवाखान्यातल्या किंवा पॅनेलवरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून औषध कुठलंही घ्या, पण पहिल्याच दिवशी तुमचं नाव जिथे नोंदलंय त्या ईएसआयसीच्या दवाखान्यात तोंड दाखवा. अचानक खासगी रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, चिठ्ठ्या सगळं जपून ठेवा आणि घरच्या कुणाला तरी लगेच दवाखान्यात कळवायला पाठवा. असे कागद मान्य होऊ शकतात, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. बरं वाटल्यावर थेट ड्युटीवर जाऊ नका. आधी ‘फिट’ असल्याचं शेवटचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर हिशेब तिथेच लटकतो.

दुसरी अडचण ७८ दिवसांची. “मी गेले तीन महिने एकही खाडा केला नाही, मग नकार का?” हा प्रश्न सारखा ऐकू येतो. कारण मोजले जातात ते आधीचे दिवस. जुलै ते डिसेंबरमध्ये आजारी पडलात तर त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चमधले, आणि जानेवारी ते जूनमध्ये पडलात तर आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरमधले. त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी (पगारातून कापले जाणारे ते पैसे) भरलेली हवी. नोकरीत पहिल्यांदाच लागलेल्यांना तर सुरुवातीचे नऊ महिने हा लाभ नसतो. हे कामावर घेताना कुणीही सांगत नाही, आणि सांगायला हवं.

कंत्राटी कामगारांचं यात फार नुकसान होतं. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार नवाच इन्शुरन्स नंबर काढतो, दिवस दोन नंबरांत विभागले जातात आणि ७८ कुठेच भरत नाहीत. जुना नंबर लिहून ठेवा, नव्या ठेकेदाराला तोच द्या आणि वर्गणी जमा होते का ते ईएसआयसीच्या पोर्टलवर अधूनमधून बघा.

तिसरी गोष्ट मालकाच्या दाखल्याची. तुम्ही कामावर नव्हता आणि त्या दिवसांचा पगार घेतला नाही, हे कंपनीने कळवावं लागतं. एचआरने तुमच्या भल्यासाठी म्हणून ते दिवस भरपगारी रजेत टाकले, तर त्या दिवसांचे ईएसआयसीचे पैसे मिळत नाहीत. दोन्ही एकदम नाही. लहान दुखण्याला रजा वापरा, दुखणं लांबणार असेल तर आधीच बोलून ठरवा. पहिले दोन दिवस एरवी धरले जात नाहीत. मागचं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच ते मिळतात. म्हणजे दिवसाचा सरासरी पगार ६०० रुपये असेल आणि दहा दिवस घरी असाल, तर आठ दिवसांचे ४२० प्रमाणे ३,३६० रुपये.

बाकी कागद सोपे आहेत: दाव्याचा फॉर्म ९, आधार, ई-पहचान कार्ड (ईएसआयसीचं ओळखपत्र), बँक पासबुक. पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, तेवढं पाहा.

टीबी, कॅन्सरसारखे ३४ ठरावीक दीर्घ आजार असतील तर लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. ९१ दिवस संपत आले की याबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि कुठल्याही खिडकीवर “होणार नाही” असं तोंडी ऐकून परत फिरू नका. कारण लेखी मागा.