मका इथेनॉलला गेला म्हणजे सगळाच गेला?

‘मका इथेनॉलला गेला, जनावरांच्या तोंडचा घास गेला’ हे सांगोला-पंढरपूरकडं गोठ्यागोठ्यात ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन; त्यासाठी मका आंबवताना दाण्यातला फक्त स्टार्च खर्ची पडतो. टनभर मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं आणि प्रथिनं, तेल, चोथा मिळून जवळपास 300 किलो सुका भुस्सा उरतो. तो पशुखाद्यातच परत येतो. आणि मुरघासाला, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या चाऱ्याला, लागतो तो हिरवा उभा मका. डिस्टिलरीला हवा वाळका दाणा!

झळ बसते ती कोंबडीवाल्यांना, कारण त्यांच्या खाद्यात मुख्य भरणा दाण्याचाच. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, डिस्टिलऱ्या मक्याकडं वळल्या आणि भाव चढले. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला 2024 मध्ये तो आयात करावा लागला.