नोंदलेले गुन्हे आणि वाटणारी भीती: मोठ्या शहरात जाण्यापूर्वी कोणता आकडा कशासाठी वाचावा

कोलकाता हे देशातील सर्वांत सुरक्षित महानगर असल्याची बातमी गेली काही वर्षे सातत्याने छापून येते. तिचा आधार राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल असतो. 2022 सालच्या अहवालानुसार कोलकात्यात दर लाख लोकसंख्येमागे 86.5 दखलपात्र गुन्हे (म्हणजे ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असे) नोंदले गेले, तर त्याच्या पाठोपाठ असलेल्या पुण्याचा दर 280.7 आणि हैदराबादचा 299.2 होता. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्ष विजया रहाटकर यांच्या हस्ते ‘नारी 2025’ हा महिला सुरक्षेविषयीचा अहवाल प्रकाशित झाला. 31 शहरांतील 12,770 स्त्रियांच्या उत्तरांवर आधारलेल्या त्या पाहणीत हेच कोलकाता पाटणा, जयपूर, दिल्ली, फरिदाबाद, श्रीनगर आणि रांची यांच्यासह तळाच्या गटात होते. मुंबईचा समावेश मात्र कोहिमा, विशाखापट्टणम, भुवनेश्वर यांच्यासारख्या वरच्या गटात झाला होता.

मुलीला नोकरीसाठी कोलकात्याला पाठवणाऱ्या आईवडिलांनी यांतले काय खरे मानायचे? माझ्या मते दोन्ही. पहिला आकडा पोलिसांच्या दप्तरात किती गुन्हे लिहिले गेले ते सांगतो आणि दुसरा त्या शहरात राहणाऱ्या स्त्रियांना बाहेर पडताना काय वाटते ते सांगतो. ‘सुरक्षित शहर’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही छापले जात असल्यामुळे ते एकाच गोष्टीची मोजमापे आहेत असा समज होतो आणि ज्याला प्रत्यक्ष प्रवासाला निघायचे आहे त्याची त्यामुळे दिशाभूल होते.

प्रथम दप्तराविषयी. एनसीआरबी स्वतः कोणताही गुन्हा नोंदवत नाही. राज्यांच्या पोलिसांनी पाठवलेली माहिती ती एकत्र करते. त्यामुळे जे पोलीस ठाण्याच्या पायरीवरच थांबले, ते अहवालात येत नाही. लोकलच्या गर्दीत मोबाइल गेलेल्या माणसाला चोरीच्या एफआयआरऐवजी वस्तू गहाळ झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर त्याच्या दृष्टीने चोरी झालेली असते, परंतु गुन्ह्यांच्या संख्येत भर पडलेली नसते. किरकोळ मारहाणीची तक्रार ‘एनसी’ म्हणून घेतली गेली, तर ती अदखलपात्र ठरल्यामुळे दखलपात्र गुन्ह्यांच्या दरात मोजली जात नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही हा निकाल प्रत्येक शहरात सारख्याच निष्ठेने पाळला जातो असे गृहीत धरून दोन शहरांचे दर शेजारी ठेवणे धाडसाचे आहे.

याच्या उलट, जेथे तक्रार देणे सोपे केले जाते तेथे दर वाढतो. दिल्ली पोलिसांनी 2015 पासून वाहनचोरीची एफआयआर ऑनलाइन नोंदवण्याची सोय केली आणि पुढे इतर चोऱ्यांसाठीही ती दिली. ठाण्यात न जाता घरबसल्या तक्रार देता येऊ लागल्यावर नोंदी वाढणे स्वाभाविक होते. 2023 सालच्या अहवालात महानगरांच्या यादीत कोचीचा दर सर्वांत वरच्या टोकाला आहे. ज्या राज्यात लोक हक्काने पोलीस ठाण्यात जातात आणि किरकोळ प्रकरणेही लिहून घेतली जातात, तेथील एका शहराचा आकडा असा दिसणे हे भयाचे कारण मानता येत नाही. स्वतः एनसीआरबीही बजावते की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ही सूचना अहवालातच असते, मथळ्यात मात्र ती कधी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दराचा छेद हा आणखी एक अडचणीचा भाग आहे. महानगरांचे दर काढताना 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या वापरली जाते. मुंबईसाठी तक्त्यात सुमारे 1 कोटी 84 लाख लोकसंख्या धरलेली दिसते. हा आकडा ठाणे, नवी मुंबई, कल्याण यांच्यासह संपूर्ण नागरी पट्ट्याचा आहे. खुद्द बृहन्मुंबईची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 1 कोटी 24 लाख होती, आणि ठाणे व नवी मुंबईची पोलीस आयुक्तालये स्वतंत्र आहेत. कोलकात्यासाठी धरलेली 1 कोटी 41 लाख ही संख्याही महानगर क्षेत्राची आहे, तेथील महापालिकेच्या हद्दीत मात्र त्या वेळी सुमारे 45 लाख लोक राहत होते. गुन्हे ज्या हद्दीतले मोजले त्याच हद्दीतल्या माणसांनी भागले आहे की नाही, हे तपासल्याशिवाय 86.5 आणि 280.7 यांची तुलना मी तरी करणार नाही.

लोकसंख्येचा हा प्रश्न पाहुण्यांच्या बाबतीत अधिकच तीव्र होतो. पंढरपूरची वस्ती सुमारे एक लाखाची आहे आणि आषाढीला तेथे अनेक लाख वारकरी जमतात. त्या दिवशीच्या मंगळसूत्रचोऱ्या आणि पाकीटमारी यांची संख्या स्थायिक रहिवाशांच्या संख्येने भागली, तर पंढरपूर देशातील अत्यंत धोकादायक गाव ठरेल, आणि कोणत्याही वारकऱ्याला हा निष्कर्ष पटणार नाही. मोठ्या शहरांतील स्थानकांचे व बाजारपेठांचे भाग रोज याच अवस्थेत असतात.

तरीही हे आकडे टाकाऊ नाहीत. काही गुन्ह्यांची नोंद टाळणे फार कठीण असते. मृतदेह सापडल्यावर प्रकरण सहसा दडवता येत नाही, म्हणून शहरा-शहरांची तुलना करायचीच असेल तर खुनाचा दर सर्वांत भरवशाचा. वाहनचोरीची नोंदही बरीचशी पूर्ण असते, कारण एफआयआरशिवाय विम्याची भरपाई मिळत नाही. विनयभंग, छेडछाड, पाकीटमारी यांच्या बाबतीत मात्र आकडा कमी असणे हे गुन्हा कमी असल्याचे लक्षण असू शकते, तसेच तक्रारीला कोणी दाद देत नसल्याचेही लक्षण असू शकते, आणि केवळ आकड्यावरून यांतले नेमके कोणते ते कळत नाही.

शिवाय एकूण आकड्याच्या पोटात काय आहे ते उघडून पाहावे लागते. 2022 मध्ये देशभरात स्त्रियांवरील अत्याचारांचे 4,45,256 गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे 31 टक्के पती किंवा सासरच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचे होते. नोंदलेल्या बलात्कारांपैकी फार मोठ्या संख्येत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. समाज म्हणून आपल्याला मान खाली घालायला लावणारे हे वास्तव आहे आणि त्याचे गांभीर्य तिळभरही कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु चार दिवसांसाठी परक्या शहरात परीक्षेला जाणाऱ्या तरुणीला जो धोका असतो, तो या आकड्यातील मोठ्या भागापेक्षा वेगळ्या स्वरूपाचा आहे. तिच्यासाठी एकूण बेरीज पाहण्यापेक्षा सार्वजनिक ठिकाणचा विनयभंग, पाठलाग आणि जबरी चोरी यांचे स्वतंत्र तक्ते पाहणे उपयोगाचे आहे.

आता भीतीविषयी. एखाद्या शहराचे नाव टाकल्यावर शून्य ते शंभर असा सुरक्षिततेचा निर्देशांक दाखवणारी ‘नंबिओ’सारखी संकेतस्थळे 2009 पासून आहेत. हा निर्देशांक पोलिसांच्या आकड्यांवरून काढलेला नसतो. दिवसा एकट्याने चालताना सुरक्षित वाटते का, रात्री वाटते का, घरफोडीची किंवा लुटले जाण्याची काळजी वाटते का, अशा प्रश्नांना संकेतस्थळावर स्वतःहून आलेल्या लोकांनी दिलेली ही उत्तरे असतात. उत्तरे देणारी मंडळी इंटरनेट वापरणारी आणि मत नोंदवण्याइतकी उत्सुक असतात; शहरातील फेरीवाली, घरकामाला जाणारी बाई किंवा रात्रपाळीचा पहारेकरी त्यांत क्वचितच असतो. ‘नारी’सारखी ठरवून केलेली पाहणी याहून निश्चितच अधिक भरवशाची असते, तथापि तीही मुख्यत्वे भावनाच मोजते.

भावना आणि प्रत्यक्ष धोका यांची दिशा वेगळी असू शकते, हे ब्रिटनमध्ये 1982 साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय गुन्हे पाहणीपासून अभ्यासकांना ठाऊक आहे. रस्त्यावरील हिंसेची सर्वाधिक भीती वृद्ध स्त्रियांना वाटत होती आणि तिला प्रत्यक्ष बळी पडण्याची शक्यता सर्वाधिक तरुण पुरुषांची होती. यावरून भीती निराधार असते असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. भीतीमुळेच माणूस अंधारी गल्ली टाळतो, उशिरा बाहेर पडत नाही, आणि त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारे गुन्हे कमी होतात. ज्या शहरात स्त्रिया आठनंतर घराबाहेर पडतच नाहीत, तेथे रात्रीच्या छेडछाडीच्या तक्रारी थोड्याच असणार. तो थोडा आकडा त्या शहराची शाबासकी नव्हे, आणि तेथील स्त्रियांची भीती हीच तेव्हा अधिक प्रामाणिक नोंद असते.

कोलकात्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. ऑगस्ट 2024 मध्ये तेथील आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. पोलिसांच्या दप्तरात ती एक नोंद आहे. शहरातील प्रत्येक नोकरदार स्त्रीने मात्र त्या दिवसानंतर आपली रात्रपाळी, आपली विश्रांतीची खोली, आपला परतीचा रस्ता यांचा नव्याने विचार केला असणार. एका वर्षाने प्रसिद्ध झालेल्या ‘नारी’ पाहणीतील उत्तरांवर त्या घटनेचा परिणाम किती, ते आकड्यांत वेगळे काढता येत नाही. पण दर आणि भावना यांच्यात अंतर कसे पडू शकते, हे समजायला ते एक उदाहरण पुरेसे आहे.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरे मोजमाप असते: गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले, मग तुम्ही तक्रार केली असो वा नसो, हे घरोघरी जाऊन विचारणे. अमेरिकेत अशी पाहणी 1973 पासून चालू आहे. भारतात ती नियमितपणे होत नाही. ‘नारी’ अहवालात या प्रकारची थोडी माहिती आहे आणि मला ती त्यातील क्रमवारीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. 2024 मध्ये सार्वजनिक ठिकाणी त्रास सोसावा लागल्याचे सात टक्के स्त्रियांनी सांगितले आणि 24 वर्षांखालील मुलींत हे प्रमाण चौदा टक्के होते. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला बाहेरगावी जाणाऱ्या मुलींचे वय नेमके हेच असते.

काळाचाही हिशेब ठेवावा. 2022 चा गुन्हे अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला आणि 2023 चा सप्टेंबर 2025 मध्ये. आज वाचलेला दर दोन वर्षांपूर्वीच्या शहराचा असतो. भावनेची पाहणी ताजी असते, पण एखाद्या गाजलेल्या घटनेने ती चटकन हलते. त्यामुळे गुन्ह्यांचा दर एका वर्षाचा न घेता त्याच शहराचा चार-पाच वर्षांचा कल पाहावा, आणि भावनेचा आकडा पाहताना तो कोणी, किती लोकांना विचारून काढला हे आधी वाचावे.

या दोन्ही आकड्यांच्या कक्षेबाहेरही पाहुण्याला धोका असतोच. 2022 मध्ये देशात 28,522 खून नोंदले गेले आणि त्याच वर्षी रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. गुन्ह्यांच्या यादीवरून शहर निवडणारा माणूस तेथील पदपथ, दुभाजक आणि रात्री भरधाव जाणारे डंपर यांविषयी क्वचितच विचारतो. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणीच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. दरवर्षी महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीसाठी कितीतरी मुले याच भागात राहायला जातात. तळघरातली अभ्यासिका धोक्याची आहे, हे त्यांना दर लाखामागील कोणत्याही दराने किंवा शून्य ते शंभरच्या निर्देशांकाने आधी सांगितले नसते.

म्हणून शहराचे नाव हे चौकशीचे एकक म्हणून फार मोठे आहे, असे मला वाटते. जायचे ठिकाण, तेथे पोहोचण्याची वेळ आणि मुक्कामाची जागा ही तीन नावे हाती घेऊन विचारले, तर उत्तरे नेमकी मिळतात. मुंबईत रात्री उशिरा लोकलने येणाऱ्या मुलीने शहराचा क्रमांक पाहण्यापेक्षा हे जाणून घ्यावे की रात्री महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड नेमलेले असतात, आणि गाडीतल्या चोरीची तक्रार शहर पोलिसांकडे नसून लोहमार्ग पोलिसांकडे जाते. दिल्लीत उतरणाऱ्याने आपल्या गाडीला तीन तास उशीर झाला तरी मेट्रो मिळेल का, हे तिकीट काढतानाच पाहावे, कारण रात्री अकराच्या सुमारास मेट्रो बंद होऊ लागते आणि मग स्थानकाबाहेर रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्याची वेळ येते. वसतिगृह ठरवताना मालकाशी बोलण्याआधी तेथे सध्या राहणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलावे आणि रात्री साडेनऊला ती कोणत्या रस्त्याने परत येते, त्या रस्त्यावर दुकाने उघडी असतात का, हे विचारावे. एफआयआरच्या बाबतीतही एक गोष्ट माहीत असू द्यावी: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते, आणि ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांच्या आत सही केली की ती नोंदली जाते. परतीची गाडी पकडायची घाई असलेल्या पाहुण्याला या तरतुदीचा फार उपयोग आहे, कारण घडलेली घटना त्याला आपल्या गावी पोहोचल्यावरही नोंदवता येते.